आलेट्शची हिमनदी पाहायला निघण्यापूर्वी

नमस्कार,

आमच्याकडे स्वित्झर्लंडची चौकशी करायला येणारे बहुतेक जण म्हणतात, "आम्हाला बर्फ बघायचाय." त्यावर आम्ही विचारतो, बर्फ की हिमनदी? शब्दाचा कीस काढायला नाही विचारत. नुसता बर्फ हिवाळ्यात मनालीतही मिळतो, आणि तो फार कमी खर्चात मिळतो. हिमनदी वेगळी. ती बघायला पैसे तर लागतातच, पण त्याहून जास्त लागतो वेळ. आमची सहल इतरांपेक्षा दोन दिवसांनी लांब का, आणि त्या दोन दिवसांत खरेदीला वेळ का ठेवलेला नाही, हे नीट कळावं म्हणून हे पत्रक.

आल्प्समधली सर्वांत लांब हिमनदी म्हणजे आलेट्श. लांबी साधारण २० किलोमीटर. २००१ पासून हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. गंमत अशी की आपल्याकडचे हजारो पर्यटक दरवर्षी तिच्या उगमाशी जातात, फोटो काढतात, गरम चहा घेतात आणि आपण काय पाहिलं हे न कळताच खाली येतात. युंगफ्राउयोखच्या स्टेशनातून समोर जो पांढरा उतार दिसतो ना, ती या हिमनदीची फक्त सुरुवात. पुढचे अनेक किलोमीटर डोंगराच्या वळणाआड राहतात.

हिला नदी का म्हणायचं?

वर युंगफ्राउ आणि म्योंख शिखरांच्या परिसरात पडलेलं हिम उन्हाळ्यातही पूर्ण वितळत नाही. त्यावर पुढच्या वर्षीचा थर बसतो, मग त्यापुढचा. खालचं हिम दाबलं जातं, त्यातली हवा निघून जाते आणि शेवटी काचेसारखा घट्ट बर्फ तयार होतो. असा बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो, म्हणून भेगांच्या आत डोकावलं की निळाई दिसते. तो रंग फोटोत निम्माही उतरत नाही. एवढा बर्फ साठला की तो स्वतःच्याच वजनाने उताराकडे सरकू लागतो, आणि मग तिला नदी म्हणावंच लागतं.

कॉन्कॉर्डियाप्लाट्झ नावाच्या जागी वरून येणारे मोठे हिमप्रवाह एकत्र येतात. तिथे बर्फाची जाडी ८०० मीटरच्या वर आहे, म्हणजे कळसूबाईच्या उंचीच्या जवळपास निम्मी. तिथला बर्फ वर्षाला दीडशे ते दोनशे मीटर पुढे सरकतो. दिवसाचा हिशेब केला तर साधारण एक हात. आपण रात्री झोपून सकाळी उठेपर्यंत समोरचा सगळा बर्फ वीतभर पुढे गेलेला असतो! १९२६ मध्ये या हिमनदीवर काही तरुण बेपत्ता झाले होते. त्यांचे अवशेष २०१२ मध्ये बर्फाने खाली आणून उघडे केले. हिमनदीसमोरच्या एगिसहॉर्न या डोंगरावर उभं राहून आम्ही ही हकिगत सांगतो तेव्हा थोडा वेळ कुणीच काही बोलत नाही.

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि पुढे एकच पाणी वाहतं. इथला संगम तसा नाही. प्रवाह शेजारी शेजारी येतात, पण मिसळत नाहीत. प्रत्येकाने कडेच्या डोंगरातून ओढून आणलेले दगडगोटे मध्ये अडकतात आणि त्यांचे दोन काळे पट्टे शेवटपर्यंत समांतर जातात. शाळेच्या भूगोलात 'मध्य हिमोढ' असं पाठ केलं होतं, आठवतंय? ते हेच. वरून पाहिलं की एखाद्या रुंद महामार्गावर मधली रेघ मारल्यासारखं दिसतं. आमच्याबरोबर आलेल्या एका निवृत्त भूगोल शिक्षिका इथे बराच वेळ कठड्याला धरून उभ्या होत्या. तीस वर्षं फळ्यावर काढलेली आकृती त्यांनी पहिल्यांदाच खरी पाहिली होती.

दोन बाजू, दोन मुक्काम

उत्तरेकडची बाजू युंगफ्राउयोखची. उंची ३४५४ मीटर. ग्रिंडेलवाल्ड गावाहून नव्या गोंडोलाने, म्हणजे केबल कारने, पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशनला पोचायचं आणि तिथून दातेरी रुळांच्या गाडीने, आयगर आणि म्योंख या शिखरांच्या पोटातल्या बोगद्यातून वर. हे काम १८९६ मध्ये सुरू झालं आणि १९१२ मध्ये गाडी वर पोचली. ज्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली तो आडोल्फ गुयेर-झेलर १८९९ मध्येच वारला. त्याला शेवटचं स्टेशन पाहायला मिळालं नाही. वाटेत आइसमेअर नावाच्या स्टेशनात गाडी काही मिनिटं थांबते, तेव्हा उतरून खिडकीशी जाच. कड्यावरून लोंबणारा बर्फ इतक्या जवळून पुन्हा दिसत नाही. वर गेल्यावर बर्फात कोरलेला महाल आहे, वेधशाळेचा सज्जा आहे, भारतीय जेवणही मिळतं. गर्दी मात्र असतेच.

दक्षिणेकडची बाजू वालिस प्रांतात आहे आणि आमचा जीव तिथे जास्त रमतो. ब्रिगहून छोट्या गाडीने दरीतून जायचं आणि केबल कारने बेटमेराल्पला चढायचं. हे गाव १९५० मीटरवर आहे. गावात मोटारी नाहीत. सामान हातगाडीवरून किंवा विजेच्या छोट्या गाडीवरून हॉटेलात जातं. आपला मुक्काम इथेच. इथल्या डोंगरधारेवर तीन ठिकाणी केबल कार जाते: मोसफ्लू, बेटमरहॉर्न आणि एगिसहॉर्न. एगिसहॉर्नचं स्टेशन २८६९ मीटरवर आहे आणि तिथून हिमनदी जवळजवळ पूर्ण दिसते, वरच्या शिखरांपासून खालच्या वळणापर्यंत. एकच जागा निवडायची झाली तर ही निवडा. अगदी युंगफ्राउयोख वगळायचं ठरलं तरी चालेल, पण ही जागा नको वगळायला. हे आमचं मत आहे आणि त्याने आमचा फायदा होत नाही, कारण युंगफ्राउयोखचं नाव जाहिरातीत असलं की चौकशा जास्त येतात.

बेटमेराल्पला दोन रात्री ठेवण्याचं कारण अनुभवातून आलेलं आहे. पहिल्या वर्षी आम्ही एकच दिवस ठेवला होता. सोळा जण एगिसहॉर्नवर चढलो आणि सगळीकडे दाट ढग. हातभर अंतरावरचा माणूस दिसेना. दोन तास थांबलो आणि तसेच खाली आलो. परतीच्या गाडीत कुणी तक्रार केली नाही, पण त्यांचे चेहरे आम्हाला आजही आठवतात. तेव्हापासून दोन सकाळी राखून ठेवतो. डोंगरावरच्या कॅमेऱ्यांची थेट दृश्यं पहाटेच पाहतो आणि आकाश मोकळं असेल तर न्याहारीआधीही निघतो. तयार राहा.

केव्हा जायचं

इथे आमची आणि शाळेच्या सुट्टीची गाठ पडत नाही. मे महिन्यात वालिसच्या बाजूच्या वरच्या केबल कार बहुतेक बंद असतात, देखभालीसाठी. दिवाळीच्या सुट्टीतही बऱ्याचदा तीच स्थिती. जून-जुलैत जाता येतं, पण सुरुवातीला हिमनदीवर ताज्या हिमाची चादर असते आणि भेगा, काळे पट्टे झाकलेले राहतात. ऑगस्टची अखेर ते सप्टेंबर हा सर्वांत चांगला काळ. चादर विरघळून खालचा खरा बर्फ उघडा पडतो. गणपतीच्या दिवसांशी हे जुळतं, म्हणून गौरी-विसर्जनानंतर निघणारी एक तुकडी आम्ही दरवर्षी ठेवतो. मे महिन्यातच जायचं असेल तर स्पष्ट सांगा. आम्ही फक्त युंगफ्राउयोखची सहल आखून देऊ आणि दक्षिणेच्या बाजूचे पैसे लावणार नाही.

तब्येत आणि कपडे

३४५४ मीटर म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंची, आणि तिथे आपण गाडीत बसून दोनेक तासांत पोचतो. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. जिना भराभर चढू नका, पाणी पीत राहा, डोकं दुखलं किंवा मळमळलं तर संकोच न करता सांगा. एक माणूस तुमच्याबरोबर लगेच खाली येईल आणि त्यासाठी कुणी नाराज होणार नाही. हृदयविकार, दमा, रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच नाव नोंदवावं.

सप्टेंबरातही वर तापमान शून्याखाली जाऊ शकतं. एक जाड कोट घेण्यापेक्षा तीन-चार पातळ थर बरे. कानटोपी, हातमोजे, जाड तळव्याचे बूट. काळा चष्मा चैनीची वस्तू समजू नका. बर्फावरून परतणारं ऊन डोळे जाळतं, आणि सनस्क्रीन हनुवटीखालीही लावायचं कारण ऊन खालूनही येतं. साडी नेसून वर येणाऱ्या काकूंना आमची काहीच हरकत नाही, आत गरम पायजमा आणि पायात बूट असले म्हणजे झालं.

खाऊ घेताना एक लक्षात ठेवा. दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून तिकडे नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, पनीर नको. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, भाजणी चालते.

बर्फावर पाऊल ठेवताना

युंगफ्राउयोखहून म्योंखसयोखच्या निवाऱ्याकडे जाणारी खुणा लावलेली वाट आहे, पाऊण ते एक तासाची. ती उघडी असेल तर जाता येतं. पण खुणांच्या बाहेर एक पाऊलही नाही. वर हिम साचून भेगा झाकल्या जातात आणि सपाट दिसणारी जागा पोकळ असते. फोटोसाठी दोरी ओलांडणाऱ्या माणसाला आम्ही सर्वांसमोर थांबवतो. तेव्हा राग येईल, पण येऊ द्या.

दक्षिणेच्या बाजूने प्रत्यक्ष हिमनदीवर चालायचं असेल तर स्थानिक मार्गदर्शक, दोर आणि बुटांना लावायचे काटे हवेतच. हा पूर्ण दिवसाचा, दमवणारा कार्यक्रम आहे आणि तो ऐच्छिक आहे. गुडघे कुरकुरत असतील तर मोसफ्लूहून रीडरफुर्काकडे डोंगरधारेवरून उतरा. दोनेक तासांची वाट, उजव्या हाताला पूर्ण वेळ हिमनदी आणि खाली जुन्या पाइन वृक्षांचं राखीव जंगल. आमच्या मते संपूर्ण सहलीतली सर्वांत सुंदर चाल हीच.

एखादी वाट किंवा केबल कार बंद असल्याची पाटी दिसली की आम्ही वाद घालत नाही. शेजारच्या ल्योचेनटाल दरीत २८ मे २०२५ रोजी बिर्च हिमनदी दगडांसह कोसळली आणि ब्लाटेन गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. गावातली सुमारे ३०० माणसं काही दिवस आधीच हलवली होती, म्हणून बहुतेक सगळे वाचले. डोंगरावर नजर ठेवणारी माणसं तिथे आहेत आणि ती सांगतात ते ऐकायचं.

ती आटते आहे

हे न सांगता सहल विकणं आम्हाला जमत नाही. १९व्या शतकाच्या मध्यापासून आलेट्श तीन किलोमीटरहून अधिक मागे सरली आहे. कॉन्कॉर्डियाप्लाट्झजवळचा गिर्यारोहकांचा निवारा १८७७ मध्ये बांधला तेव्हा बर्फापासून पन्नासेक मीटर वर होता. आज बर्फ इतका खाली गेला आहे की तिथे पोचायला कड्याला ठोकलेल्या लोखंडी जिन्याच्या चारशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. मोसफ्लूचा डोंगरच सरकतो आहे, कारण त्याला आधार देणारा बर्फ उरला नाही. तिथलं केबल कारचं नवं स्टेशन जागेवरून हलवता येईल असंच बांधलं आहे. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी मिळून आपला १० टक्के बर्फ गमावला.

फीश गावची गोष्ट ऐका. हिमनदी वाढून आणि तिच्या कडेचा तलाव फुटून गावं उद्ध्वस्त होऊ नयेत म्हणून तिथल्या लोकांनी १६७८ मध्ये नवस केला होता: आम्ही सचोटीने राहू, देवा, हा बर्फ आवर. पिढ्यान्पिढ्या ती प्रार्थना चालली. मग २००९ च्या सुमारास त्याच गावाने पोपकडे परवानगी मागितली की नवसातले शब्द उलटे करू द्या, बर्फ आवर ऐवजी बर्फ राहू दे. ती मिळालीही. पावसासाठी देव पाण्यात ठेवणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. वालिस हा कोरडा प्रांत. तिथली शेतं आणि कुरणं शतकानुशतकं हिमनदीच्या पाण्यावर जगली, डोंगराच्या कडेने काढलेल्या पाटांमधून. त्यातल्या एका पाटाच्या काठाने आपण चालणार आहोत. हाच बर्फ वितळून मासा नदी होते, ती ऱ्होनला मिळते आणि ऱ्होन पुढे भूमध्य समुद्राला.

इतर हिमनद्यांबद्दल विचारणाऱ्यांसाठी

अर्जेंटिनाची पेरितो मोरेनो, जिचे कडे तलावात कोसळताना समोरच्या पायवाटांवरून पाहता येतात, ती फार सुंदर आहे, पण प्रवास इतका लांब की आम्ही तिची सहल काढत नाही. आइसलँडच्या बर्फाच्या गुहा हिवाळ्यातच पाहाव्यात. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे बर्फ कोसळून एका पर्यटकाचा जीव गेला, म्हणून उन्हाळी गुहेची जाहिरात दिसली तर आम्हाला विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

आणि गोमुख आहेच. गंगोत्रीपासून १८ किलोमीटर पायी, वन खात्याच्या परवान्यावर, तोही दिवसाला मोजक्याच लोकांना. तिथला बर्फ दगडमातीने झाकलेला, करडा. पांढऱ्याशुभ्र चित्राची अपेक्षा ठेवून गेलेले थोडे निराश होतात, पण त्या करड्या भिंतीखालून भागीरथी बाहेर पडताना पाहिली की निराशा टिकत नाही. चालण्याची तयारी असेल तर आधी गोमुख करा, असं आम्ही मोकळेपणाने सांगतो.

कागदपत्रं आणि पैसे

स्वित्झर्लंडला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. किमान ३०,००० युरोचा प्रवास-विमा सक्तीचा आहे. हाताचे ठसे देण्यासाठी स्वतः जावं लागतं. व्हिसा देणं-न देणं दूतावासाच्या हातात असतं, त्याची हमी आम्ही देत नाही आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

स्विस फ्रँकचा भाव सारखा बदलतो, म्हणून दरपत्रक वेगळं देतो. त्यात विमान, रेल्वेचा पास, दोन्ही बाजूंच्या केबल कार, मुक्काम, न्याहारी आणि रात्रीचं जेवण धरलेलं आहे. दुपारचं जेवण आणि हिमनदीवरची मार्गदर्शकासोबतची चाल धरलेली नाही. ढगांमुळे काही दिसलं नाही तर पैसे परत मिळत नाहीत, पण दुसऱ्या सकाळी पुन्हा वर नेण्याचा खर्च आमचा.

एका तुकडीत सोळाच जण. पहिल्या बैठकीला येताना पासपोर्टची प्रत, चालू औषधांची यादी आणि तुम्ही वापरणार असलेले बूट घेऊन या. बूट नवे असतील तर आजपासूनच रोज घालून फिरायला लागा.