सर्वोमोटरला काय कळतं, काय कळत नाही

सर्वोमोटर म्हणजे वेग आणि जागा अचूक राखणारी, यंत्रातली विजेची मोटर. तिच्या नेमप्लेटवरचा टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, आकडा बिनशर्त नसतो. भोवतालची हवा साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आत, जागा समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या आत आणि मोटर ठराविक मापाच्या ॲल्युमिनियमच्या प्लेटवर बसवलेली, असं धरून तो काढलेला असतो. ही प्लेट अनेकांच्या नजरेतून सुटते. बहुतेक सर्वोमोटरना पंखाच नसतो. आतली बरीच उष्णता फ्लँजमधून, म्हणजे मोटर यंत्रावर बसवायच्या कडेमधून, यंत्राच्या धातूत जिरते. तीच मोटर तापलेल्या गिअरबॉक्सला जोडली, की तो आकडा तिला पेलत नाही.

उष्णता मुख्यतः वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळ्यांच्या, तांब्यात तयार होते आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. टॉर्क दुप्पट केला, तर उष्णता चौपट. काही सेकंद तिप्पट टॉर्क घ्यायची मुभा अनेक मोटरना असते, पण तेवढा वेळ तांब्यात नऊपट उष्णता निर्माण होत असते. वजन पेलून जागच्या जागी उभी राहिलेली मोटर तर आणखी फसवी. फिरताना तीन फेजमध्ये, म्हणजे वाइंडिंगच्या तीन गटांमध्ये, भार आळीपाळीने वाटला जातो. थांबताना रोटर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, नेमका नको त्या कोनात अडकला, तर एकाच फेजला सरासरीच्या दुप्पट उष्णता सोसावी लागते.

आता यातला खरा पेच. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. निओडिमियम चुंबकाची ताकद दर अंशाला सुमारे ०.११ टक्के घटते. समजा, २० अंशांवरून वाइंडिंग १२० अंशांवर आणि चुंबक १०० अंशांवर गेलं. रोध ३९ टक्के वाढला, चुंबक जवळपास ९ टक्के दुबळं झालं. टॉर्क तेवढाच हवा, तर प्रवाह दहाएक टक्के जास्त लागेल. गुणाकार केला, तर त्याच कामासाठी तांब्यात सुमारे १.७ पट उष्णता तयार होते. साधी मोटर अशा वेळी मंदावली असती. सर्वो मंदावत नाही. वेग जरा मागे पडला, की ड्राइव्ह, म्हणजे मोटरला वीज पुरवणारा नियंत्रक, प्रवाह वाढवतो, आणि बाहेरून सगळं आलबेल दिसतं.

सुदैवाने वाइंडिंगमध्ये तापमानाचा सेन्सर असतो आणि मर्यादा ओलांडली, की ड्राइव्ह ट्रिप होतो, म्हणजे मोटर बंद करतो. एफ वर्गाच्या इन्सुलेशनची (तारेवरच्या वीजरोधक थराची) मर्यादा १५५ अंश; दर १० अंशांच्या वाढीला इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ ठोकताळा आहे. तरीही पुष्कळदा आधी हात टेकतो तो मागच्या टोकाचा एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा भाग), कारण त्यातली इलेक्ट्रॉनिक्स इतका ताप सोसत नाही.

शाफ्टवरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यावरच्या, भारासाठी मात्र सहसा असा कुठलाच सेन्सर नसतो. बेल्ट वाजवीपेक्षा ताणला, तर शाफ्ट आडवा ओढला जातो, पण त्याने टॉर्क फारसा वाढत नाही. म्हणून ड्राइव्हच्या पडद्यावर काहीच दिसत नाही. भोगतं ते पुढचं बेअरिंग. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला, की आयुष्य आठवा हिस्सा उरतं.

पुली कुठे बसवली, यालाही तेवढंच महत्त्व. दोन बेअरिंगमध्ये १०० मिलिमीटर अंतर आहे आणि पुली पुढच्या बेअरिंगपासून ३० मिलिमीटर बाहेर आहे, असं धरा. त्या बेअरिंगवर बेल्टच्या ओढीच्या १.३ पट भार येतो. पुली ६० मिलिमीटरवर सरकवली, तर १.६ पट. फरक किरकोळ वाटतो, पण आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतं. कॅटलॉगमध्ये शाफ्टवरच्या भारापुढे अंतर आणि वेगही लिहिलेले असतात ते याचसाठी. ते सोडून नुसता न्यूटनचा आकडा वाचण्यात अर्थ नाही.

ताप इथेही येऊन पोचतो. ७० अंशांच्या वर दर १५ अंशांना ग्रीसचं आयुष्य साधारण निम्मं होतं. शिवाय २०० मिलिमीटर लांब पोलादी शाफ्ट ५० अंशांनी तापला, तर ०.११ मिलिमीटरच्या आसपास वाढतो. या वाढीला वाव मिळावा म्हणून मोटरमधलं एक बेअरिंग सरकतं ठेवतात. पुढे बॉल स्क्रू (फिरण्याचं सरळ सरकण्यात रूपांतर करणारा आट्यांचा दांडा) ताठ कपलिंगने, म्हणजे दोन दांडे जोडणाऱ्या तुकड्याने, जोडला, तर तोही तापून लांबतो आणि शाफ्टला आत रेटू लागतो. अक्षाच्या दिशेने थोडं दबणारं कपलिंग हा रेटा बराचसा गिळतं.

कपलिंग किंवा पुली हातोड्याने ठोकून बसवणं हा तर सरळ अत्याचार. प्रत्येक ठोका गोळ्यांमधून बेअरिंगच्या कड्यांवर खळगे पाडू शकतो, आणि मागे एन्कोडरची काचेची चकती असेल तर ती तडकू शकते. शाफ्टच्या टोकाला आट्यांचं भोक असतं. त्यात बोल्ट घालून पुली हळूहळू ओढून घेता येते. आणि बेल्टची ओढ मर्यादेत बसतच नसेल, तर पुलीला स्वतःची वेगळी बेअरिंग देऊन मोटरकडे फक्त फिरवण्याचं काम ठेवावं.