गस्तनौकेच्या गोळ्या इतक्या लवकर का संपतात?

गस्तनौका चालवायच्या युद्धाच्या गेममध्ये नव्या खेळाडूच्या दोन तक्रारी ठरलेल्या. एक, गोळ्या फार लवकर संपतात. दोन, गन माऊसच्या मागे रेंगाळते. माऊस झटक्यात डावीकडून उजवीकडे गेलेला असतो आणि नळी अजून निम्म्या वाटेवरच. दादर-परळची पोरं म्हणतात, "गेम लॅग मारतोय," म्हणजे अडखळत, उशिरा चालतोय. बहुतेक वेळा तो लॅग नसतो, आणि गेम बनवणाऱ्याचा कंजूषपणाही नसतो. हिशोब वजनाचा आणि वेळेचा असतो.

आधी गोळ्यांचं बघू. अशा नौकांवरचं नेहमीचं हत्यार म्हणजे १२.७ मिलिमीटरची ब्राउनिंग एम-२ मशीनगन. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी पीटी बोटींवर, म्हणजे टॉर्पेडो डागणाऱ्या छोट्या वेगवान नौकांवर, ती जोडीने बसवलेली असे. व्हिएतनामच्या नद्यांमध्ये गस्त घालणाऱ्या अमेरिकी पीबीआर बोटींवरही तीच होती. मिनिटाला ४५० ते ६०० गोळ्या हा तिचा वेग. ५०० धरा, म्हणजे सेकंदाला आठ. १०० काडतुसांचा पट्टा पत्र्याच्या एका डब्यात मावतो. चाप दाबून ठेवला की बारा सेकंदांत डबा खडखडीत. २० मिलिमीटरच्या ओर्लिकॉन तोफेचं तर आणखी अवघड. तिच्या ड्रममध्ये, म्हणजे गोळ्यांच्या गोल पेटीत, ६० गोळ्या, त्या आठेक सेकंदांत उडतात आणि मग हलत्या डेकवर तो जड ड्रम उतरवून दुसरा चढवायचा. गेममध्ये रिलोडची पट्टी भरेपर्यंत जीव जातो, ती मंडळी हे उघड्यावर करत होती.

मग जास्त डबे का नेत नाहीत? भरलेला डबा साधारण १६ किलोचा. २०० डबे म्हणजे ३,२०० किलो. वेगात पळणारी छोटी नौका पाणी कापत जात नाही, नाक वर काढून पाण्याच्या पृष्ठभागावर घसरत जाते. वजन वाढलं की ती वर यायलाच तयार होत नाही आणि पोटाने पाणी ढकलत राहते. चिलखत तर तिला फारसं नसतंच, वेग हाच तिचा बचाव. शिवाय नळी तापते ती वेगळीच. सलग मारा केला की नेम फाटतो, नळी झिजते आणि आत बसलेलं काडतूस नुसत्या उष्णतेने आपोआप उडू शकतं. म्हणून या मशीनगनवर सहा ते नऊ गोळ्यांच्या तुकड्यातुकड्याने मारा करायला शिकवतात. ज्या गेममध्ये नळी तापतच नाही, तो मला तरी अर्धवट वाटतो.

दारूगोळ्याच्या मर्यादेचं सगळ्यात टोकाचं उदाहरण मात्र मुंबईच्याच नौकांचं आहे. १९७१च्या युद्धात कराचीवर हल्ला करणाऱ्या आपल्या क्षेपणास्त्र नौकांवर प्रत्येकी फक्त चार क्षेपणास्त्रं होती. एकेक दोन टनांहून जड, आणि संपल्यावर भर समुद्रात नवं चढवायची सोय नाही. ८ डिसेंबरच्या रात्री 'आयएनएस विनाश'ने चारही डागली, आणि मग माघारी फिरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चार वेळा चाप, की खेळ संपला. कुठल्या खेळाडूला हे चालेल?

आता गन फिरवण्याचं. माऊस सांगतो 'किती वळायचं', आणि खऱ्या नौकेवरची जॉयस्टिक सांगते 'किती वेगाने वळायचं'. फरक इथेच आहे. आपल्या तटरक्षक दलाच्या अनेक गस्तनौकांवर ३० मिलिमीटरची सीआरएन-९१ तोफ असते. ती लांबून चालवता येते, म्हणजे नेम धरणारा माणूस तोफेपाशी नसून आत पडद्यासमोर बसलेला. पण शेकडो किलोंचं लोखंड फिरवायला मोटरला जोर लागतो, आणि थांबवायलाही तेवढाच लागतो. चांगल्या गेममध्ये गनच्या वळण्याला अंश-प्रतिसेकंद अशी मर्यादा घातलेली असते, ती याचीच नक्कल. स्वतःच्याच डोलकाठीवर गोळ्या बसू नयेत म्हणून ठरावीक कोनात मारा बंद पडण्याची व्यवस्थाही खऱ्या नौकांवर असते. काही गेममध्ये ती आहे आणि नवशिक्यांना तो बग वाटतो.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे लाटा. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्ये मोबाइलचा कॅमेरा पूर्ण झूम करून दूर नांगरलेलं एखादं जहाज चौकटीत धरून बघा, म्हणजे कळेल. नौका एका अंशाने कलली तर एक किलोमीटरवरचा नेम १७ मीटरने चुकतो. त्यात गोळीला तिथवर पोचायला दीडेक सेकंद लागतो. तेवढ्यात ३० नॉटने आडवी जाणारी नौका २३ मीटर पुढे सरकलेली असते. म्हणजे नौका दिसते तिथे मारून उपयोग नाही, ती पोचेल तिथे मारायचं, तेही स्वतः हेलकावे खात. खऱ्या, आधुनिक तोफांवर हे हेलकावे जायरोस्कोप मोजतो आणि मोटर तोफेला उलट्या दिशेने फिरवत राहते. गेममध्ये हे काम प्रोग्रॅमच्या दोन ओळींचं, कारण लाट गेमनेच बनवलेली असते.

गोळ्या मोजून देण्यामागे गेमवाल्यांचं एक स्वतःचं कारणही असतं. समजा दहा नौका, प्रत्येकीवर चार मशीनगन. सेकंदाला ३२० गोळ्या. प्रत्येक गोळी तीन सेकंद हवेत असली तर एका वेळी ९६० गोळ्या उडताहेत, आणि सर्व्हर (सगळ्या खेळाडूंना जोडणारा कंपनीचा कॉम्प्युटर) त्यांची जागा सेकंदाला ६० वेळा मोजत असेल तर झाली ५७,६०० गणितं. शिल्लक गोळ्यांचा हिशोबही बहुधा सर्व्हरच ठेवतो. तो खेळाडूच्या कॉम्प्युटरवर सोडला तर कुणीतरी आकडा बदलणारच.

'वॉर थंडर'सारख्या गेममध्ये किनारी नौकांचा वेगळा ताफाच आहे. तिथे किंवा कुठेही खेळताना एक जुनी नाविक युक्ती करून बघा. नौका डावीकडे पूर्ण कलते आणि परत फिरते, त्या टोकाला तिचा कलण्याचा वेग क्षणभर शून्य होतो. तेवढ्या क्षणात नेम सर्वांत कमी हलतो. चाप तेव्हा दाबायचा, सहा-सात गोळ्या झाडून सोडायचा आणि पुढच्या टोकाची वाट बघायची. गेममधल्या लाटा बहुतेक ठिकाणी ठरावीक तरंगांची बेरीज करून बनवलेल्या असतात, त्यामुळे ते टोक केव्हा येणार याचा अंदाज दोन-चार हेलकाव्यांतच बसतो. अरबी समुद्रात, त्यातही जुलैमध्ये, तो इतक्या सहज बसत नाही.