शेंगापोळी

शेंगापोळी : भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, तीळ आणि गूळ यांचे सारण भरून केलेली गोड पोळी. सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात ती मुख्यतः मकर संक्रांतीला होते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या सीमेलगतच्या तालुक्यांतील कन्नड घरांत, तसेच पलीकडे विजयपूर, कलबुर्गी भागात तिला ‘शेंगा होळिगे’ म्हणतात. होळिगे म्हणजे पोळी.

मराठीत शेंग घेवड्याची, शेवग्याची, कशाचीही असते. सोलापुरात मात्र नुसते ‘शेंगा’ म्हटले की भुईमूगच. टरफल काढलेल्या दाण्यांनाही शेंगाच म्हणायचे. इथली उखळात कुटलेली शेंगाचटणी याच नावाने सगळीकडे ओळखली जाते.

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. समुद्रमार्गाने होणारा युरोपीय व्यापार सुरू झाल्यावर, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढे, तो भारतात आला. संक्रांतीला तीळ आणि गूळ खाण्याची चाल त्याच्या कितीतरी आधीची. सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, महात्मा बसवेश्वरांचे समकालीन. त्यांच्या काळी या मातीत भुईमूग नव्हता. आज जुनी वाटणारी ही पोळी तशी उशिरा आलेली आहे. मात्र ती आली ती तिळाचे बोट धरून. महाराष्ट्रात इतरत्र गुळपोळीत तीळ आणि भाजलेले बेसन मुख्य, दाण्याचे कूट असले तर बेताचे. सोलापुरात हे प्रमाण उलटले : दाणे मुख्य झाले आणि तीळ सणाचा मान म्हणून राहिला. कर्नाटकात संक्रांतीला तीळ, गूळ, दाणे आणि सुके खोबरे एकत्र करून ‘एळ्ळु बेल्ला’ वाटतात आणि तो खाऊन चांगले बोला असे म्हणतात. आपल्या ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’चेच ते भावंड. या दोन्ही चालींच्या मधल्या उंबऱ्यावर शेंगापोळी उभी आहे.

संक्रांतीच्या दिवसांतच सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी होते. ६८ लिंगांना तैलाभिषेक, मग अक्षता सोहळा, मग होमप्रदीपन असा यात्रेचा क्रम असतो. कुंभारकन्येचा विवाह सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लागला, या कथेचे प्रतीक म्हणून सात नंदीध्वज मिरवतात. लोक त्यांना काठ्या म्हणतात. पांढरी बाराबंदी घातलेली घरची मंडळी काठ्यांबरोबर दिवसभर बाहेर, गावाकडचे पाहुणे घरात. अशा वेळी आधी करून ठेवलेली, गार खाल्ली तरी चालणारी, किंबहुना गारच अधिक चांगली लागणारी ही पोळी सोयीची पडते. तिची इथली पक्की बैठक बसण्यात या सोयीचा वाटा मोठा असावा. सीमाभागात येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात न्यायच्या डब्यातही ती असते.

सगळी कसोटी सारणाची. दाणे मंद आचेवर, साल तडकून सुटेपर्यंत भाजायचे. घाई केली तर बाहेरून डागतात आणि आतून कच्चे राहतात. गार झाल्यावर चोळून, सुपात पाखडून फोलपट उडवायचे. मग कूट, भाजलेल्या तिळाची पूड, किसलेला गूळ आणि वेलची एकत्र कुटायची. दोन वाट्या कुटाला साधारण दीड वाटी गूळ पुरतो. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. दाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते. कुटता कुटता ते सुटते, हाताला तकाकी येते आणि भुरभुरीत सारणाचा आपोआप गोळा वळतो. तो वळला की सारण झाले.

पारीची कणीक तेलाचे मोहन घालून घट्टसर भिजवतात. सारण आणि पारी यांचा मऊपणा सारखा हवा, नाहीतर लाटताना सारण मध्येच बसते आणि कडा कोऱ्या राहतात. काठापर्यंत सारण पोचले की नाही, यावरूनच सोलापुरी घरात पोळी करणारीची पारख होते. कुठे फट राहिली तर वितळलेला गूळ तव्यावर उतरून करपतो. मग ओल्या फडक्याने तवा पुसून घेतल्याशिवाय पुढची पोळी टाकता येत नाही.

भाजलेल्या पोळ्या एकावर एक न ठेवता कापडावर सुट्या पसरतात, कारण गरम असताना गूळ पातळ असतो आणि पोळ्या चिकटतात. पूर्ण गार झाल्या की त्या खुसखुशीत होतात. सारणात पाणी नसल्याने कोरड्या डब्यात आठ-दहा दिवस सहज टिकतात. पुरणपोळीला हे जमत नाही, कारण पुरणाची डाळ शिजवलेली असते. आता घरगुती पदार्थांच्या दुकानांत कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या शेजारी ती वर्षभर मिळते. खाताना वर साजूक तूप घेतात. दूध कोणी घेतात, कोणी नाही.