जन्मजात कानाची व्यंगे : ‘थांबा आणि पाहा’ या सल्ल्याची पार्श्वभूमी

फाटलेली पाळी गालाच्या कातडीने जोडण्याची रीत प्राचीन भारतीय शल्यग्रंथांत आहे. जन्मतःच वेगळ्या असलेल्या कानांकडे मात्र शल्यचिकित्सा फार उशिरा वळली. पुढे आलेले कान मागे बसवल्याची नोंद १८८१ची आहे. १९२०मध्ये बरगडीच्या कूर्चेतून (मऊ, लवचीक हाडातून) कान कोरण्याचा प्रयत्न झाला. १९५९मध्ये ही पद्धत शिस्तीत मांडली गेली आणि मायक्रोशियाच्या (बाहेरचा कान जन्मतःच अपुरा किंवा नसणे) शस्त्रक्रियेचा पाया आजही मुख्यतः तोच आहे.

दुमडलेल्या, टोकदार किंवा वाटीसारख्या कानांसाठी पालकांना दीर्घकाळ एकच सल्ला मिळाला : थांबा, आपोआप सुटेल, नाहीच सुटला तर पाच-सहा वर्षांनी शस्त्रक्रिया करू. या सल्ल्याला आधार नव्हता असे नाही. काही कान पहिल्या आठवड्यात खरोखरच सरळ होतात, आणि पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत कान प्रौढ आकाराच्या जवळ पोचतो. पण कोणता कान सुटेल हे पहिल्या दिवशी खात्रीने सांगता येत नाही, आणि वाट पाहण्यात उपयोगाचे दिवसच हातून जातात. आईकडून आलेल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे नवजाताची कूर्चा मऊ असते. ते रक्तातून लवकर उतरते आणि कूर्चा ताठ होऊ लागते. १९८०च्या दशकात जपानमधील डॉक्टरांनी नेमके हेच दिवस साधून, चिकटपट्टी आणि आधार लावून, चाकू न लावता कान घडवून दाखवले. तरीही ही पद्धत इतरत्र रुजायला फार वेळ लागला. कान हव्या आकारात धरून ठेवणारे तयार साचे आले ते २०१०च्या सुमारास. बाळाला आधी पाहतात बालरोगतज्ज्ञ, साच्याची माहिती राहिली प्लास्टिक सर्जनकडे. या दोघांमधल्या अंतरात टाळता येण्याजोग्या शस्त्रक्रिया मुलांच्या वाट्याला आल्या. साचा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बसला तर निकाल उत्तम मिळतो.

ऊतीच कमी असेल, तर एकट्या साच्याने कान पुरा होत नाही. मायक्रोशियात थांबणे रास्तच आहे, कारण पुरेशी कूर्चा मिळण्याइतकी बरगडी वाढावी लागते. १९९०च्या दशकापासून सच्छिद्र पॉलिएथिलीनचा सांगाडा वापरून ही शस्त्रक्रिया तुलनेने लहान वयातही होऊ लागली.

ऐकण्याच्या बाबतीत मात्र हा धीर चालत नाही. कानाची नळी बंद असली तरी आतला कान बहुधा शाबूत असतो, कारण त्याची घडण गर्भात वेगळ्या ऊतीपासून होते. त्यामुळे कवटीच्या हाडातून आवाज थेट आतल्या कानापर्यंत पोचवता येतो. अशा हाडात बसवलेल्या श्रवणयंत्राचा पहिला वापर १९७७चा; पुढे तेच यंत्र मऊ पट्ट्यावर, शस्त्रक्रियेविना, काही महिन्यांच्या बाळांनाही लावता येऊ लागले.