उदासी, थायरॉईड आणि मेंदूचा रक्तपुरवठा: संबंध कसा उलगडत गेला

जळगाव-धुळ्याकडे एखादी बाई गप्प गप्प राहू लागली, 'कशातच मन लागस नही' म्हणू लागली, की आता डॉक्टर बऱ्याचदा आधी टीएसएच (थायरॉईड मंदावली की रक्तात वाढणारं हॉर्मोन) तपासायला सांगतात. तो वाढलेला निघाला तर पुढे अँटी टीपीओ, म्हणजे थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी. गळ्यातल्या ग्रंथीचा मनाशी काय संबंध, असं घरच्यांना वाटतं. हा संबंध दीडशे वर्षं जुना आहे.

१८७३ मध्ये लंडनच्या विल्यम गल यांनी प्रौढ स्त्रियांमध्ये चेहरा सुजणं आणि बुद्धी मंदावणं एकत्र दिसतं, हे नोंदवलं. १८८८ च्या क्लिनिकल सोसायटीच्या अहवालात तर अशा जवळपास निम्म्या रुग्णांना भ्रम किंवा भास होत असल्याचं आलं. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क टोचून रुग्ण सुधारून दाखवला. तरीही १९४९ मध्ये रिचर्ड ॲशर यांना असे १४ रुग्ण सविस्तर मांडावे लागले, कारण वेडाच्या मागे थायरॉईड असेल हे कुणी तपासतच नव्हतं.

ग्रंथी बिघडते कशाने, हा धागा निराळा. जपानी डॉक्टर हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या ग्रंथींत पांढऱ्या पेशींची गर्दी पाहिली. तिचा अर्थ लागला १९५६ मध्ये, शरीर स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध अँटीबॉडी बनवतं हे कळल्यावर. आपल्याकडच्या जुन्या माणसांना मात्र थायरॉईड म्हणजे गलगंड, आणि गलगंड म्हणजे मिठातल्या आयोडीनची कमतरता. ते खोटं नव्हतं. देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनच्या मिठाच्या विक्रीवर बंदी आली. पण आयोडीन पुरेसं मिळतं तिथे ग्रंथी मंदावण्याचं मुख्य कारण हा अँटीबॉडीचा आजार, म्हणजे हाशिमोतोच असतं, आणि त्यावर मीठ बदलून काही होत नाही.

मेंदूच्या रक्तप्रवाहाचा धागा सगळ्यांत नवा आणि माझ्या मते सगळ्यांत कच्चा. माणसाच्या मेंदूत रक्त किती वाहतं हे मोजण्याची पद्धत केटी आणि श्मिट यांनी १९४० च्या दशकात आणली. २००१ च्या एका पेट (PET) स्कॅन अभ्यासात कर्करोगामुळे ग्रंथी काढलेल्या दहा जणांचं थायरॉईड हॉर्मोनचं औषध थांबवल्यावर मेंदूचा रक्तप्रवाह सुमारे २३ टक्क्यांनी घटलेला दिसला. या रुग्णांचं दुखणं हाशिमोतोचं नव्हतं, म्हणजे नुसती हॉर्मोनची कमतरताही पुरते. पुढे हॉर्मोन नॉर्मल असलेल्या काही हाशिमोतो रुग्णांतही स्पेक्ट या तशाच स्कॅनवर प्रवाह कमी दिसला, अभ्यास छोटे. शिवाय थायरॉईड ठणठणीत असलेल्या उदास माणसाच्या मेंदूतही पुढच्या भागात रक्त कमी वाहताना दिसतं. मग घटलेला प्रवाह कारण की परिणाम?

आकडेही उतरत गेले. २०१८ च्या एकत्रित विश्लेषणात हाशिमोतो आणि नैराश्य यांच्या संबंधाचं गुणोत्तर (१ म्हणजे संबंध नाही) साडेतीनच्या वर होतं; २०२१ च्या मोठ्या विश्लेषणात मंद थायरॉईड आणि नैराश्य यांचं ते १.३ आलं. दोन्ही विश्लेषणं एकाच मोजपट्टीची नाहीत, पण पहिल्या आकड्याचा धसका घेण्याचं कारण उरत नाही.

टीएसएच बराच वाढला असेल तर सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची थायरॉईड हॉर्मोनची गोळी हवीच, आणि तिने मनाची मरगळही पुष्कळदा कमी होते. टीएसएच नॉर्मल, फक्त अँटीबॉडी जास्त, अशा रिपोर्टवर नैराश्याचं औषध सोडून थायरॉईडची गोळी धरण्याला मात्र आजतरी आधार नाही.