नजरेच्या टप्प्यातली भाषा

कर्णबधिरांच्या अमेरिकन सांकेतिक भाषेत तर्जनी ताठ धरून कपाळासमोरून आडवी ओढायची आणि ओढता ओढता आकडीसारखी वाकवायची, की ‘उन्हाळा’ झाला. हेच नाकासमोर केलं तर अर्थ होतो ‘कुरूप’ आणि हनुवटीपाशी केलं तर ‘कोरडा’. बोटाचा आकार तोच, हालचाल तीच, फक्त जागा दोन-तीन इंच खाली सरकली. मराठीत ‘काळ’ आणि ‘गाळ’ यांत जेवढा फरक, तेवढाच हा.

वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या विल्यम स्टोकी यांनी १९६० साली नेमकं हेच दाखवलं. तोवर खुणा म्हणजे हातांनी केलेली नक्कल, असंच बहुतेकांना वाटायचं. कर्णबधिरांना शिकवणारे शिक्षकही त्यात आले. स्टोकींनी प्रत्येक खुणेचे तीन घटक वेगळे काढले: हाताचा आकार, जागा आणि हालचाल. पुढच्या संशोधकांनी तळवा कोणत्या दिशेला आहे हे त्यात जोडलं, आणि चेहऱ्याच्या व डोक्याच्या हालचालीही. या घटकांना सुटेपणी काहीच अर्थ नसतो, पण त्यांची जुळणी बदलली की शब्द बदलतो. नक्कल अशी सुटी करता येत नाही.

या जुळणीला नियमही आहेत. खुणेत दोन्ही हात हलत असतील तर दोघांचा आकार सारखा असावा लागतो आणि हालचालही एकमेकांशी जुळती. दोन हातांचे आकार वेगळे असतील तर एकच हात हलतो. दुसरा तळासारखा स्थिर राहतो आणि तोही मूठ, सपाट पंजा, एक बोट अशा मोजक्या साध्या आकारांत. खरोखर कोणत्याही दोन हालचाली एकत्र करता आल्या असत्या तर समोरच्याला त्या वाचता आल्या नसत्या.

इथे डोळ्याची रचना कामाला येते. सांकेतिक भाषेत बोलणाऱ्यांकडे नीट पाहिलं तर लक्षात येतं, की खुणा समजून घेणारा हातांकडे बघतच नाही. त्याची नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर खिळलेली असते आणि हात नजरेच्या कडेने टिपले जातात. डोळ्याला बारीक तपशील फक्त मध्यभागी दिसतो, कडेला हालचाल चांगली कळते पण आकार धूसर असतो. म्हणून नाजूक फरकाच्या खुणा चेहऱ्याजवळ एकवटतात, तर छातीच्या खालच्या भागात खुणा मोठ्या आणि बऱ्याचदा दोन्ही हातांच्या होतात. नवशिका नेमका उलट वागतो. तो हातांवर डोळे रोखतो आणि चेहऱ्यावर चाललेलं अर्धं व्याकरण त्याच्या हातून निसटतं.

कारण प्रश्न, नकार, अट या सगळ्या गोष्टी चेहऱ्यावर असतात. अमेरिकन सांकेतिक भाषेत भुवया वर गेल्या की प्रश्न हो-नाही स्वरूपाचा. आक्रसल्या की ‘कोण’, ‘कुठे’, ‘का’ असा. ‘गाडी चालवणे’ ही खूण ओठ किंचित पुढे काढून केली तर गाडी आरामात चालली आहे. दातांमधून जिभेचं टोक दाखवत केली तर बेफिकिरीने. हातांनी एकही जादा खूण केलेली नसते. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नाची एकच सर्वसाधारण खूण आहे आणि ती वाक्याच्या शेवटी येते. ‘चेहरा’ आणि ही खूण मिळून ‘कोण’, ‘जागा’ आणि ही खूण मिळून ‘कुठे’, ‘वेळ’सोबत ‘केव्हा’. इंग्रजीत प्रश्नार्थक शब्द सुरुवातीला येतो, इथे शेवटी. म्हणजे ही भाषा हातांनी केलेली इंग्रजी नाही, आणि हातांनी केलेली हिंदी किंवा मराठीही नाही.

सगळ्यात श्रीमंत भाग आहे तो हातांसमोरच्या मोकळ्या जागेचा. बोलणारा आईला उजवीकडे ‘ठेवतो’ आणि भावाला डावीकडे. त्यानंतर ‘देणे’ ही खूण उजवीकडून डावीकडे नेली की आईने भावाला दिलं, उलट नेली की भावाने आईला. कर्ता, कर्म आणि क्रियापद एकाच हालचालीत आटोपतात. खूण पुन्हा पुन्हा, थांबत थांबत केली तर ‘देत राहिली’. भांडणाचा प्रसंग सांगताना बोलणारा खांदे आणि नजर किंचित वळवून आधी आई होतो, मग भाऊ. ‘ती म्हणाली’, ‘तो म्हणाला’ची गरज उरत नाही. चुका इथेच जास्त होतात. शिकणारा आईला उजवीकडे ठेवतो आणि दोन वाक्यांनी डावीकडे बोट दाखवतो, मग समोरच्याच्या लेखी भावानेच लग्न मोडलेलं असतं! दुसरी अडचण दिशेची. खोलीचं वर्णन बोलणाऱ्याच्या बाजूने केलेलं असतं, त्यामुळे समोर बसलेल्याला चित्र मनातल्या मनात १८० अंशांत फिरवावं लागतं. सरावाने हे आपोआप होतं, पण पहिले काही महिने सगळी दारं भलत्याच भिंतीला लागतात.

हातांची एक खूण करायला तोंडाने एक शब्द बोलण्याच्या साधारण दुप्पट वेळ लागतो. तरीही तीच गोष्ट दोन्ही भाषांत सांगायला लागणारा एकूण वेळ जवळपास सारखाच भरतो, असं एडवर्ड क्लिमा आणि उर्सुला बेलुगी यांना मोजमापात आढळलं. हात सावकाश चालतात, पण जागा आणि चेहरा सोबत काम करत असल्यामुळे एका वेळी जास्त सांगितलं जातं. मेंदूकडूनही पुरावा आहे. सांकेतिक भाषा वापरणाऱ्या माणसाला मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात पक्षाघाताने इजा झाली तर त्याच्या खुणा विस्कटतात, वाक्यं तुटतात; पण कंगवा कसा फिरवायचा याची नक्कल तो करून दाखवू शकतो. उजव्या भागाला इजा झाली तर चित्र काढताना डावी बाजू सुटते, मात्र व्याकरण शाबूत राहतं.

जगभर एकच सांकेतिक भाषा आहे हा समज मात्र कशाने जात नाही. ब्रिटन आणि अमेरिकेत बोली इंग्रजी एक असूनही दोन्हीकडच्या सांकेतिक भाषा एकमेकींना कळत नाहीत. १८१७ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डला पहिली कायमस्वरूपी कर्णबधिर शाळा उघडली तेव्हा शिकवायला लॉराँ क्लेर पॅरिसहून आले होते. त्यामुळे अमेरिकन खुणांचं नातं फ्रेंच खुणांशी आहे. बोटांच्या आकारांनी अक्षरं लिहायची ती अमेरिकेत एका हाताने, ब्रिटनमध्ये दोन हातांनी.

नवी सांकेतिक भाषा जन्मताना पाहायला मिळाली ती निकाराग्वात. १९७७ साली राजधानी मानाग्वात कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू झाली. वर्गात स्पॅनिश शब्द ओठांवरून ओळखायला शिकवत आणि ते फारसं जमत नव्हतं. मुलं घरच्या घरी बनवलेल्या खुणा घेऊन आली होती. मधल्या सुट्टीत आणि बसमध्ये त्या एकमेकांत मिसळल्या. १९८६ मध्ये भाषाशास्त्रज्ञ ज्युडी केगल तिथे पोचल्या तेव्हा धाकटी मुलं थोरल्यांपेक्षा सफाईदार बोलत होती. अॅन सेंघास यांनी पुढे हा फरक नेमका पकडला. एखादी गोष्ट गडगडत उतारावरून खाली जाते हे दाखवताना ऐकू येणारी माणसं हात गोल फिरवत खाली नेतात, दोन्ही एकदम. थोरली कर्णबधिर मुलंही बहुधा तसंच करत. नंतर आलेली मुलं मात्र आधी ‘गडगडणे’ करत, मग ‘खाली जाणे’. एका हालचालीचे त्यांनी दोन शब्द केले, आणि सुटे शब्द पुढे हवे तसे जोडता येतात. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. लहान वय आणि बोलायला पुरेशी मुलं, एवढंच लागलं.

बहुतेक कर्णबधिर बाळांना नेमकं हेच मिळत नाही. दहातल्या नऊहून अधिक बाळं ऐकू येणाऱ्या आईवडलांच्या पोटी जन्मतात, आणि घरात सांकेतिक भाषा कुणालाच येत नसते. ओठांवरून कळेल अशी आशा धरली जाते. आरशासमोर आवाज न काढता ‘पान’, ‘बाण’, ‘भान’, ‘मान’ म्हणून पाहा: ओठ चारही वेळा सारखेच मिटतात. क, ख, ग, घ तर जिभेच्या मागच्या भागात होतात, बाहेर काहीच दिसत नाही. ज्याला मराठी आधीच येते तो संदर्भाने गाळलेल्या जागा भरतो. ज्याला भाषाच अजून शिकायची आहे त्याने कशाने भरायच्या? पहिली काही वर्षं अशी गेली तर नंतर कोणतीही भाषा शिकणं जड जातं, अगदी सांकेतिक भाषासुद्धा. उशिरा सुरुवात केलेल्यांच्या व्याकरणात हा फरक मोठेपणीही राहतो.

म्हणून जन्मल्यापासून १ महिन्यात श्रवण चाचणी, ३ महिन्यांपर्यंत पक्कं निदान आणि ६ महिन्यांपर्यंत मदत सुरू, असं वेळापत्रक तज्ज्ञ सांगतात. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं उपकरण) बसवायचं ठरलं तरी शस्त्रक्रिया, जुळवाजुळव आणि ऐकण्याचा सराव यांत महिने जातात, आणि फायदा प्रत्येक मुलाला सारखा होत नाही. त्या काळात खुणा शिकवल्या तर मूल बोलायला आळसावेल ही भीती निराधार आहे. बाळं खुणांनीही बोबडं बोलतात: कर्णबधिर पालकांची बाळं पहिल्या वाढदिवसाच्या आसपास हातांनी निरर्थक पण लयदार तुकडे पुन्हा पुन्हा करतात, जसं इतर बाळं ‘बाबाबा’ करतात. लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी १९९१ मध्ये हे नोंदवलं.

कर्णबधिर आया बाळाशी बोलतात त्यातून ऐकू येणाऱ्या पालकांना खूप घेता येतं. ऐकू येणारं मूल चेंडूकडे बघत बघत ‘चेंडू’ ऐकू शकतं; कर्णबधिर मुलाला आधी चेंडू आणि मग आई असं क्रमाने पाहावं लागतं. त्यामुळे या आया मुलाची हनुवटी धरून तोंड वळवत नाहीत. त्या खूण चेंडूच्या शेजारी करतात, किंवा मुलाच्या अंगावरच करतात, किंवा वस्तू आपल्या चेहऱ्याजवळ आणतात. यातलं काहीच जमलं नाही तर मूल वर बघेपर्यंत थांबतात. गोष्टीचं पुस्तक वाचताना मूल मांडीवर पाठमोरं नसतं. ते समोर किंवा कोनात बसतं आणि पुस्तक दोघांच्या मध्ये, आईच्या चेहऱ्याखाली राहतं. चित्र पाहू द्यायचं, नजर वर आली की सांगायचं, पुन्हा चित्र. पान घाईने उलटलं की एक तर चित्र जातं नाही तर वाक्य.

१८८० साली मिलानला भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने शाळांतून खुणा हटवून फक्त तोंडी शिक्षण द्यायचं ठरवलं. १६० च्या वर प्रतिनिधी होते, त्यांत कर्णबधिर एकच. त्याच मालिकेतल्या परिषदेने २०१० मध्ये व्हँकूव्हरला ते ठराव फेटाळले आणि खेद व्यक्त केला. मध्ये १३० वर्षं गेली. त्या काळात भाषा जगली ती वसतिगृहांत आणि कर्णबधिरांच्या क्लबांत. नवख्याला सांकेतिक नाव, म्हणजे त्याला ओळखायची खास खूण, तिथेच मिळतं, आणि ते समाजाने द्यायचं असतं, स्वतः ठरवायचं नसतं.

एकत्र राहण्याचे रिवाजही नजरेवरच बेतलेले आहेत. लक्ष वेधायला खांद्यावर हलकी थाप, लांबून हात हलवणं, लाकडी जमिनीवर पाय आपटणं, सगळ्या खोलीसाठी दिव्याची उघडझाप. चेहऱ्यासमोर हात नाचवणं उद्धटपणा. दोघे बोलत असताना मधून जायचं झालं तर सरळ निघून जायचं. वाकून, थांबून, माफी मागत गेलं तर उलट जास्त व्यत्यय येतो. टेबल गोल असेल तर उत्तम, मधली फुलदाणी आधी उचलायची. चालताना प्रत्येक जण दुसऱ्याच्या पुढचा रस्ता पाहतो आणि खांब आला की सावध करतो. गॅलॉडेटमध्ये (ते आता विद्यापीठ आहे) २००५ पासून अशा सवयी लक्षात घेऊन इमारतींचा विचार सुरू झाला: बोलत शेजारून चालता येईल इतके रुंद मार्ग, आपोआप सरकणारे दरवाजे, गोलाई दिलेले कोपरे, त्वचेच्या रंगावर उठून दिसतील अशा निळ्या-हिरव्या भिंती, आणि पाठीमागून झळा न मारणारा पसरट उजेड.

व्हिडिओ कॉल बिघडतो तोही याच कारणांनी. पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा पडतो आणि भुवया गेल्या की प्रश्नच गेले. चौकट गळ्याशी कापली तर निम्म्या खुणा बाहेर राहतात. डोक्यावर थोडी जागा आणि खाली कमरेपर्यंत हवं. चित्राच्या स्पष्टतेपेक्षा ओघ महत्त्वाचा: सेकंदाला २५-३० चौकटी असल्या तर बोलणं सुरळीत, साधारण १२ च्या खाली बोटांनी लिहिलेली अक्षरं एकमेकांत विरघळतात. सभेत दुभाषा असेल तर तो वक्त्याच्या शेजारी उभा हवा, दर १५-२० मिनिटांनी जोडीदाराने जागा घ्यायला हवी, आणि बोलायचं ते कर्णबधिर माणसाकडे पाहून. पडद्यावर तक्ता दाखवला की काही सेकंद गप्प बसायचं, कारण तक्ता आणि दुभाषा एकदम पाहता येत नाहीत. ‘काही प्रश्न?’ विचारून लगेच पुढे जाणारा अध्यक्ष दुभाष्याचा दोन-तीन सेकंदांचा उशीर विसरतो; प्रश्न नसतात असं नाही.

कर्णबधिर व्यक्तीची दृष्टीही गेली तर? बोलणाऱ्याच्या हातांवर हात ठेवून खुणा समजून घेण्याची पद्धत जुनी आहे, पण त्यात चेहरा हरवतो. सिएटलमधल्या अंध-बधिर मंडळींनी २००७ च्या सुमारास यावर स्वतःच तोडगा काढायला सुरुवात केली. ऐकणारा बोलणाऱ्याच्या मांडीवर बोटांनी टकटक करून ‘हं, कळतंय’ सांगतो, हसू आलं तर तिथेच खाजवल्यासारखं करतो. समोरची हवा निरुपयोगी म्हणून ऐकणाऱ्याचा हात, दंड, पाठ हीच जागा झाली: झाड दाखवायचं तर त्याचाच हात उभा धरायचा आणि त्यावर पान कुठे आहे ते दाबून सांगायचं. दोनांऐवजी चार हात लागतात, आणि त्यांपैकी कोणत्या हाताने काय करायचं याचे नियम आता तिथे बसत चालले आहेत.