रेणूत शिरलेली प्रकाशाची एनर्जी जाते कुठे?

डोळ्यांचे डॉक्टर पारपटलावर ओरखडा पडलाय का बघायला एक नारिंगी रंग लावतात, मग निळा लाइट टाकला की ओरखड्याची जागा हिरवीगार चमकते, तो रंग म्हणजे फ्लुओरेसिन. अडॉल्फ फॉन बायर यांनी तो १८७१ मध्ये बनवला. आता याच रेणूतले चार हायड्रोजन काढून तिथे चार ब्रोमिन बसवले की होतो इओसिन, पॅथॉलॉजी लॅबच्या स्लाइडवर पेशींना गुलाबी करणारा. ब्रोमिनच्या जागी आयोडीन घेतले आणि बाजूच्या कड्यावर चार क्लोरीन टाकले की रोझ बंगाल. सांगाडा तिन्हींचा एकच. पण अल्कलाइन पाण्यात फ्लुओरेसिन १०० फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, शोषले तर ९० च्या वर परत देतो, आणि रोझ बंगाल पाण्यात जेमतेम दोनच देतो, त्याची बहुतेक एनर्जी शेजारच्या ऑक्सिजनकडे जाते आणि तो ऑक्सिजन पेशी मारतो. म्हणजे थोडे अणू बदलले आणि बघायचा रंग मारायचा रंग झाला! चमकणाऱ्या आणि मारणाऱ्या रंगांच्या या सगळ्या विषयाचा गाभा मला तर इथेच दिसतो.

हे होतं कसं ते बघू. प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि तिथे काही नॅनोसेकंदच टिकतो. तेवढ्यात तो प्रकाश टाकून खाली येतो, नाहीतर एनर्जी उष्णता होऊन जाते, किंवा तिसरं म्हणजे त्याचा स्पिन (इलेक्ट्रॉनचा चुंबकासारखा गुणधर्म) उलटतो आणि तो ट्रिपलेट अवस्थेत, म्हणजे जोडीदार इलेक्ट्रॉनचा आणि त्याचा स्पिन एकाच दिशेला असलेल्या अवस्थेत, अडकतो. ब्रोमिन-आयोडीनसारखे जड अणू जवळ असले की स्पिन उलटणं खूप सोपं होतं. ट्रिपलेटमधून सहज खाली येता येत नाही, मायक्रोसेकंद किंवा त्याहून जास्त वेळ जातो, आणि तेवढ्यात ऑक्सिजन येऊन धडकतोच. साधा ऑक्सिजन स्वतःच ट्रिपलेट असतो, त्यामुळे एनर्जीची देवाणघेवाण लगेच जमते आणि तयार होतो सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे जास्त एनर्जीचा ऑक्सिजन, भयंकर आक्रमक. पण तो फार जगत नाही, पेशीच्या आत एक मायक्रोमीटरही जात नाही, म्हणून रंग जिथे बसलाय तिथेच नुकसान होतं. मायटोकॉन्ड्रियात बसवायचा की पेशीच्या आवरणात, हे ठरवणं डिझाइनचाच भाग आहे.

ही गोष्ट नवी नाही बरं का. १९०० मध्ये म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला दिसलं की अ‍ॅक्रिडीन या रंगात ठेवलेले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव प्रकाशात मरतात, अंधारात टिकतात, आणि १९०३ मध्ये तिथेच त्वचेच्या गाठींवर इओसिन लावून उपचार करून बघितले गेले.

पेशीत एखादा पदार्थ आहे का हे चमकून सांगणारा सेन्सर बनवायचा असेल तर उलटा विचार करायचा. चमकणाऱ्या रंगाला एक अमाइन (नायट्रोजनवाला गट) जोडतात, त्याची मोकळी इलेक्ट्रॉन जोडी रंगात तयार झालेली रिकामी जागा भरते आणि रंग विझतो. झिंक किंवा प्रोटॉन येऊन त्या जोडीला धरतो, की रंग पुन्हा पेटतो. पण नुसत्या चमकेवर विश्वास ठेवता येत नाही, कारण पेशीचा जाड भाग जास्त चमकतो तो तिथे रंग जास्त आहे म्हणून, कॅल्शियम जास्त आहे म्हणून नाही. रॉजर त्सिएन यांच्या टीमने १९८५ मध्ये आणलेला, कॅल्शियम मोजणारा फुरा-२ हा रंग इथे कामाला आला, ३४० आणि ३८० नॅनोमीटर अशा दोन लाइटने पेटवायचा आणि दोन्ही चमकांचं गुणोत्तर घ्यायचं, म्हणजे रंग किती आहे हा प्रश्नच उरत नाही. मला वाटतं इतका साधा आणि इतका उपयोगी विचार या क्षेत्रात क्वचितच सापडेल.

शरीरात खोल जायचं तर मात्र निळा-हिरवा प्रकाश चालत नाही, हिमोग्लोबिन तो गिळून टाकतं, म्हणून साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरचे रंग लागतात. सायनाइन रंगांत दोन टोकांना जोडणारी कार्बनची साखळी असते, तिला एक दुहेरी बंध वाढवला की शोषण सुमारे १०० नॅनोमीटरने लाल बाजूला सरकतं, पण साखळी जितकी लांब तितका रेणू नाजूक, लाइटखाली लवकर तुटतो.

आता खरी धडपड चाललीय ती ओळखणं आणि मारणं ही दोन्ही कामं एकाच रेणूत आणायची, म्हणजे निरोगी भागात झोपलेला आणि ट्यूमरमधल्या अ‍ॅसिडने किंवा एखाद्या एन्झाइमने जागा होणारा रंग. याची गरज का आहे ते पेशंटला विचारा, प्रकाशाने ट्यूमर मारायचं पोर्फिमर सोडियम हे जुनं औषध दिल्यावर निदान ३० दिवस ऊन टाळावं लागतं कारण ते त्वचेतही साठून राहतं. दुसरी अडचण ऑक्सिजनचीच. ट्यूमरच्या आत तो आधीच कमी, त्यात उपचार सुरू झाला की उरलेलाही झपाट्याने संपतो, म्हणून लाइट सलग न देता मध्ये थांबून थांबून द्यायची पद्धत वापरून बघतात, तेवढ्यात रक्तातून नवा ऑक्सिजन येतो आणि रंगाला पुन्हा काम मिळतं.